एकही रकाना कोरा सोडू नये

ॲपवरून बोलावल्या जाणाऱ्या गाड्यांवर सरकारने नियंत्रण ठेवावं की ठेवू नये, याबद्दल माझं मत कुणीही मागितलं नव्हतं. म्हणजे सरकारने मागितलं होतं, पण ते सगळ्या जनतेचं, आणि जनता अशा वेळी मत देण्याच्या भानगडीत पडत नाही हे सरकारला पक्कं ठाऊक असतं. 'नव्या नियमांच्या मसुद्यावर सूचना व हरकती मागवण्यात येत आहेत' ही जाहिरात वर्तमानपत्राच्या नवव्या पानावर, गाद्यांच्या सेलच्या खाली होती. ती माझ्या नजरेस पडली, कारण मी वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. ही माझी हौस नाही, धंदा आहे. मी सरकारी छापखान्यात फॉर्म तपासतो.

माझं टेबल दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीला लागून आहे. छापायला जाण्याआधी प्रत्येक फॉर्म माझ्याकडे येतो. ओळी सरळ आहेत का, रकाने पुरेसे रुंद आहेत का, तळटिपेचा तारा वरच्या ताऱ्याशी जुळतो का, हे सगळं मी लाल पेन्सिलीने बघतो. लोकांना वाटतं त्यापेक्षा हे काम बरंच जबाबदारीचं आहे. जन्माच्या दाखल्यात आईच्या नावाचा रकाना अर्धा इंच कमी पडला, तर एका अख्ख्या पिढीच्या आया अर्ध्या नावाने जगतील. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एक तत्त्व पाळत आलो आहे, ते म्हणजे रकाना कोरा सोडायचा नाही. कोरा रकाना दिसला की माझा जीव खालीवर होतो. 'लागू असल्यास' असं लिहिलेलं असलं तरी मी तिथे काहीतरी लागू करतोच. बायकोकडे या स्वभावासाठी एक शब्द आहे, पण तो छापण्यासारखा नाही.

आता मुख्य काळजी सांगतो. त्या जाहिरातीच्या साडेतीन महिने आधी माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, बोलणं मात्र गेलं. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारी बाई. तिच्याकडे आता दोनच शब्द उरले होते, 'हं' आणि 'नको'. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल ते मिळवून घ्या. पुढे फार भरवसा धरू नका." मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा महिने पूर्ण होतील त्या तारखेला लाल गोल केला. रोज सकाळी दाढी करताना तो गोल मला आरशात दिसायचा आणि हनुवटीवर एखादी जखम व्हायची.

सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी आईला बोलण्याच्या उपचारांसाठी जावं लागे. मी सकाळीच छापखान्यात, बायकोची लायब्ररीतली पाळी दुपारची. तेव्हा बायको अकरा वाजता आईला ॲपवरच्या गाडीत बसवून द्यायची, तिकडे उपचारकेंद्रातली माणसं उतरवून घ्यायची आणि परत आल्यावर तळमजल्यावरचे वकीलसाहेब तिला जिन्याने वर आणायचे. वकीलसाहेबांना दिवसभर वेळ असतो. त्यांच्याकडे अशील फारसे येत नाहीत. आलेच तर वकीलसाहेब त्यांना प्रश्नाच्या दोन्ही बाजू समजावून सांगतात आणि मग ते दुसऱ्या वकिलाकडे जातात.

गाडी बहुतेक वेळा एकाच ड्रायव्हरची यायची. जाड चष्मा, पन्नाशीचा माणूस, आणि गाडीच्या प्रत्येक सीटवर धुऊन इस्त्री केलेला टॉवेल. आमच्या घरात त्याचं नाव टॉवेलदादा पडलं.

या गाड्यांमध्ये एक सोय असते. गाडी कुठे आहे ते घरच्या माणसाला फोनवर एका निळ्या ठिपक्याच्या रूपात दिसतं. ही सोय ज्याने काढली त्याला आई नसावी. कारण आई गाडीने जायला लागल्यापासून मी उपचारांच्या दिवशी अकरा ते बारा या वेळात छापखान्यात एकही फॉर्म तपासला नाही. फोन टेबलाच्या खणात, खण अर्धा उघडा, आणि माझी मान खणात. उपचारकेंद्र घरापासून अठरा मिनिटांवर. सुरुवातीचे काही दिवस ठिपका सरळ गेला. मग तो भटकू लागला. पाण्याच्या टाकीला वळसा. जुन्या शाळेवरून चक्कर. बागेभोवती तर दोन फेऱ्या! आणि एका बुधवारी तो चक्क आमच्या छापखान्याच्या फाटकासमोर येऊन थांबला. तिथे एक चहाची टपरी आहे. ठिपका दोन मिनिटं हलला नाही. माझ्या हातापायांना घाम फुटला. माझी मुकी आई मागच्या सीटवर, आणि हा माणूस आरामात चहा पितोय! मी डोळ्याची पापणी न लवू देता खणातल्या ठिपक्याकडे बघत राहिलो. पुढच्या प्रत्येक खेपेला हेच.

भाडं आधीच ठरलेलं असतं, लांबून नेऊन त्याला एक छदामही जास्त मिळत नव्हता. याने तर माझा संशय बळावला. फायद्यासाठी लबाडी करणारा माणूस निदान समजतो तरी. फायद्याशिवाय करणाऱ्याचं काय समजायचं?

मी फोन केला. "पोचतोच आहे साहेब," टॉवेलदादा म्हणाला. "आजी मजेत आहेत."

संध्याकाळी मी आईसमोर खुर्ची ओढून बसलो. "आई, तो लांबच्या रस्त्याने नेतो?"

"हं."

"मध्येच थांबतो?"

"हं."

"तुला त्रास होतो ना?"

आईने तोंड उघडलं, थोडी थांबली. मी म्हटलं, "होतच असणार. कळलं मला." आणि चहा आणायला उठलो. माझ्या दृष्टीने जबाब पूर्ण झाला होता.

"अहो, पण आईंना तो माणूस बरा वाटतो," बायको म्हणाली. "जायच्या दिवशी साडेदहापासून चपला घालून दाराशी बसतात."

"तेच तर! काहीतरी भुरळ घातली असणार."

"भुरळ? टॉवेलदादाने?"

"यालाच कुणाचा लगाम नाही म्हणतात. रिक्षावाल्याला बिल्ला असतो, बसवाल्याला मार्ग ठरवून दिलेला असतो. यांना काय आहे? एक फोन! सरकारने यात लक्ष घातलंच पाहिजे."

"प्रत्येक गोष्टीत सरकार कशाला? नाही पटलं तर गाडी बदला. नाहीतर त्याला सरळ विचारा की बाबा रे, कुठे फिरतोस?"

विचारायचं? सव्वीस वर्षं फॉर्म तपासणाऱ्या माणसाने तोंडी विचारायचं? त्याची नोंद कुठे राहणार?

मी वकीलसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "सरकारने हात घालायलाच हवा. प्रवाशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे." मी उठू लागलो तसे म्हणाले, "अर्थात, एकदा घातलेला हात सरकार बाहेर काढत नाही, हेही आहे." मी पहिलं वाक्य तेवढं घरी नेलं.

'सूचना व हरकती'चा फॉर्म मला कुठून आणावा लागला नाही. तो दोन महिन्यांपूर्वी माझ्याच टेबलावरून छापायला गेला होता. एका रविवारी मी तो सुंदर अक्षरात भरला. 'आपली सूचना' या रकान्यात लिहिलं: 'चालकाने फोनवर दाखवलेला मार्ग तंतोतंत पाळावा, अन्यथा कारवाई व्हावी.' त्याखाली 'उदाहरण, असल्यास'. असल्यास म्हणजे काय, होतंच की! मी सहा तारखा, वेळा, टाकी, शाळा, बाग आणि 'छापखान्याच्या फाटकासमोर विनाकारण दोन मिनिटे थांबणे' असं सगळं लिहिलं. त्याखाली 'वाहन क्रमांक, लागू असल्यास'. इथे एखाद्या सामान्य माणसाने रकाना कोरा सोडला असता. मी क्रमांक लिहिला. ठळक लिहिला.

दहा दिवसांनी टॉवेलदादा यायचा बंद झाला. कंपनीकडून दुसऱ्या गाड्या येऊ लागल्या. एक ड्रायव्हर कानात यंत्र घालून अखंड आपल्या मेव्हण्याशी भांडायचा. दुसऱ्याच्या फोनमधली बाई 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' म्हणायची आणि तो वळायचा. पण ठिपका! ठिपका आता आखणीच्या रेषेसारखा सरळ जात होता. अठरा मिनिटं म्हणजे अठरा मिनिटं. मला वाटलं, बघा, नियम यायच्या आधीच त्याचा परिणाम दिसायला लागला. मी खण बंद करून पुन्हा कामाला लागलो.

आई मात्र साडेदहाला चपला घालेनाशी झाली. अकराला बायको हात धरून उठवायची, तेव्हा ती "नको" म्हणायची.

चौथ्या आठवड्यात उपचारकेंद्रातल्या बाईंचा फोन आला. "जरा येऊन जाल का?" एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या खोलीत लहान मुलांची चित्रं लावली होती आणि खुर्चीही लहान मुलांचीच होती. गुडघे छातीशी घेऊन मी ऐकत होतो.

"घरी काही झालं का?" बाईंनी विचारलं. "तुमच्या आईंचे अकरा शब्द परत आले होते. गेल्या महिन्यात एकही नाही. आहेत तेही जायला लागलेत."

"अकरा?" मी म्हटलं. "आमच्याकडे तर दोनच आहेत."

बाईंनी वही काढली. डावीकडे, उजवीकडे, सरळ, थांब, टाकी, शाळा, पूल, बाग, झाड, घर, वळ. मी यादी दोनदा वाचली. एकही चूक नव्हती.

"त्या भूगोलाच्या शिक्षिका ना? म्हटलं, रस्ते लवकर आठवतील. त्यांचे ते चष्मेवाले ड्रायव्हर भले माणूस आहेत. मी त्यांना सांगितलं, फोन झाकून ठेवा आणि प्रत्येक चौकात यांना विचारा, आता कुठे? उत्तर येईपर्यंत गाडी कडेला घेऊन थांबा. पहिल्या दिवशी एका चौकात सात मिनिटं थांबले ते. त्या म्हणतील तिकडे न्यायचे, चुकलं तर चुकलं. सध्या दिसत नाहीत ते? कुठे गेले?"

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते मला त्या बुटक्या खुर्चीत कळलं. "तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?" मी कसंबसं विचारलं.

"मी विचारलं होतं त्यांना, घरी सांगू का? नको म्हणाल्या." बाई जरा घुटमळल्या. "तुम्ही परीक्षा घ्याल असं वाटलं असेल. राग मानू नका, पण घरी त्यांना बोलू देता ना?"

"अहो, आम्ही त्यांच्यावर बोलायची वेळच येऊ देत नाही," मी अभिमानाने म्हटलं. "तोंड उघडलं की मला कळतं काय हवंय ते. पाणी, पंखा, औषध, सगळं मीच बोलून टाकतो."

बाई काहीच बोलल्या नाहीत. कोरा रकाना. मी तो भरला नाही, कारण त्यात काय लिहायचं ते मला पहिल्यांदाच उमगलं होतं.

बाहेर येऊन मी टॉवेलदादाला फोन लावला.

"साहेब, कुणीतरी तक्रार केलीय हो माझी," तो म्हणाला. "कुणी ते कळत नाही. चौकशी होईपर्यंत बंद केलंय. सध्या भावाच्या टेम्पोवर जातो. आजी कशा आहेत? टाकीनंतर पूल आला की त्यांना उजवं-डावं अजून गोंधळतं. नवीन ड्रायव्हरला सांगा, घाई करू नको म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो. तक्रार कुणी केली ते सांगायला तोंड उघडलं होतं, पण ते मिटलं. मायलेकांची दोघांचीही वाचा गेली म्हणायची.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून वाहतूक कार्यालयात गेलो. चार नंबरच्या खिडकीवरच्या कारकुनाने माझा फॉर्म शोधून काढला.

"मी फक्त सूचना केली होती," मी म्हटलं. "तक्रार नव्हती."

त्याने फॉर्म उलटा केला आणि मागच्या बाजूला, तळाशी, मुंगीच्या आकाराच्या अक्षरांवर बोट ठेवलं. 'वाहन क्रमांक नमूद केल्यास हा अर्ज वैयक्तिक तक्रार समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.'

"हे इतकं बारीक कोण छापतं?" मागे रांगेतला एक गृहस्थ माझ्या बाजूने म्हणाला. "फासावर द्यायला पाहिजे त्याला!"

मी मान डोलावली. ती तळटीप मीच मागे ढकलली होती. पुढे बसत नव्हती, समास बिघडत होता. अक्षरंही मीच लहान केली होती आणि त्या दिवशी डबा खाताना सगळ्यांना ती करामत दाखवलीही होती. तुम्ही विचाराल, मग ती वाचली नव्हती का? वाचली होती. पण मी अक्षरं वाचतो. अर्थ वाचायचा पगार दुसऱ्या कुणाला तरी मिळतो.

"ठीक आहे, तक्रार मागे घेतो."

"घ्या की. मागे घेण्याचा वेगळा फॉर्म आहे." कारकुनाने खण उघडून दाखवला. खण रिकामा. "संपलेत. नवीन छापखान्यात अडकलेत. तिथे कुणीतरी विद्वान बसलाय, म्हणतो सहाव्या रकान्याची रेघ वाकडी आहे. दोन महिने झाले."

अशा वेळी माणसाने काय करावं? मी "असतात असे लोक" म्हणालो आणि नाक मुठीत धरून छापखान्यात गेलो. रजेवर असताना कामावर आलेला माणूस बघून सगळे दचकले. सहाव्या रकान्याची रेघ खरंच वाकडी होती. वरून खाली येताना केसभर उजवीकडे जात होती. मी पाच मिनिटं तिच्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि 'छापावे' असा शिक्का मारला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या टेबलावरून चूक बाहेर गेली. घरी गेलो तर जेवण गेलं नाही.

त्या वाकड्या फॉर्मवर मी अर्ज केला. उत्तर आलं: तक्रार लोकहिताची असल्याने एकट्या तक्रारदाराला मागे घेता येणार नाही. सुनावणी होईल. संबंधित प्रवाशाने स्वतः हजर राहून तोंडी जबाब द्यावा.

तोंडी! मी ते पत्र घेऊन वकीलसाहेबांकडे धावलो.

"तोंडी म्हणजे तोंडीच," ते म्हणाले. "लेखी चालणार नाही."

"पण तिला बोलता येत नाही, म्हणून तर हा सगळा घोळ!"

"बोलता येत नाही असा दाखला आणा. मग जबाब लागणार नाही." मी त्यांचे हात धरले. "पण मग जबाब नाही म्हणून त्याच्यावरची बंदीही उठणार नाही," ते म्हणाले. मी हात सोडले.

सुनावणीची तारीख कॅलेंडरवरच्या लाल गोलाच्या सतरा दिवस आधी आली. तोपर्यंत मी आईचा जबाब पाठ करून घ्यायचा प्रयत्न केला. "म्हण, चालकाची चूक नाही." आई तोंड उघडायची. मला धीर निघायचा नाही. मीच म्हणायचो, "चालकाची चूक नाही." ती माझ्याकडे बघून "हं" म्हणायची. शेवटी आदल्या संध्याकाळी बायकोने मला गच्चीत नेऊन उभं केलं आणि सांगितलं, आता उद्यापर्यंत आईंच्या समोर यायचं नाही.

सुनावणीची खोली लांबट होती. टेबलामागे अधिकारीबाई, बाजूला टंकलेखक, भिंतीवर घड्याळ. इकडच्या बाकावर आई, बायको, मी आणि काळा कोट घातलेले वकीलसाहेब. पलीकडच्या खुर्चीवर टॉवेलदादा, इस्त्रीच्या शर्टात. आईला बघून त्याने हात हलवला, आईने चांगला हात उचलला. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर आधार मिळाल्याचं हसू आलं. साहेब आपल्यासाठी आलेत असं त्याला वाटलं असणार.

मग टंकलेखकाने तक्रार मोठ्याने वाचली. शेवटी तक्रारदाराचं नाव वाचलं.

टॉवेलदादाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "अक्षर फार छान आहे साहेब तुमचं," तो म्हणाला. "कंपनीने नाव झाकून प्रत दाखवली होती, मला वाटलं होतं छापलंयच." एवढंच. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी उभा राहिलो आणि भर खोलीत म्हणालो, "चुकलो मी. विचारायचं सोडून लिहीत बसलो."

"ते नंतर," अधिकारीबाई म्हणाल्या. "आजी, हा चालक तुम्हाला चुकीच्या रस्त्याने नेत होता का?"

आईने तोंड उघडलं. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

काहीच आलं नाही. तिचे ओठ हलले, थांबले. मला उत्तर येत होतं! सगळं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. मी पुढे झुकलो तशी बायकोने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. अकरा एकवीस. टंकलेखकाची बोटं अधांतरी. वकीलसाहेब दोन्ही बाजूंनी काहीतरी सांगायला उठले, त्यांना बायकोने डोळ्यांनीच बसवलं. टॉवेलदादा मात्र शांत होता. मागे गाड्या ठणाणा करत असताना चौकात थांबायची त्याला सवय होती. तो फक्त म्हणाला, "आजी, घाई नाही. आता कुठे?"

अकरा तेवीसला आई म्हणाली, "रस्ता..."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"रस्ता... माझा."

टंकलेखकाने अधिकारीबाईंकडे बघितलं. "लिहा," त्या म्हणाल्या. "रस्ता माझा. प्रवाशाच्या सांगण्यावरून मार्ग बदलला, असा अर्थ. बंदी उठवण्यात येत आहे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुमच्या सूचनेचं काय करायचं? फोनवरचा मार्ग तंतोतंत पाळावा? मसुद्यात घेतलीय आम्ही ती. चांगली वाटली होती."

माझी पंचाईत झाली. नियम नकोच, असं म्हणावं, तर कानात यंत्र घालून मेव्हण्याशी भांडणारा तो आठवत होता. हवाच म्हणावं, तर समोर टॉवेलदादा बसला होता. वकीलसाहेब म्हणाले, दोन्ही बाजूंनी विचार व्हावा, आणि पहिल्यांदाच मला त्यांचं म्हणणं पटलं.

"नियम असू द्या मॅडम," टॉवेलदादा म्हणाला. "नाहीतर उद्या कुणीही कुणालाही कुठेही नेईल. फक्त एवढं लिहा, की प्रवासी सांगेल तसं वळता येईल. आणि बंद करायच्या आधी आम्हालाही एकदा विचारा."

आज तो नियम तसाच आहे. 'प्रवाशाने तोंडी सूचना दिल्यास मार्ग बदलता येईल. चालकाचे म्हणणे ऐकल्याशिवाय कारवाई करू नये.' त्याचा फॉर्म माझ्याकडेच तपासायला आला होता. तळटीप मी पुढच्या बाजूला आणली, मोठ्या अक्षरात. समास बिघडला. बिघडू दिला.

पण हे नंतरचं. त्या दिवशी सुनावणीहून परत यायला टॉवेलदादाचीच गाडी होती. बायको लायब्ररीत गेली, वकीलसाहेब कोट घालून आलोच आहोत तर म्हणून तिथेच अशील मिळतोय का बघायला थांबले. आई पुढे बसली, मी मागे, टॉवेलवर.

"आजी, आता कुठे?"

आई थांबली. मागे हॉर्न वाजले. मी दात आवळून बसलो. "डावी... कडे," आई म्हणाली. घर उजवीकडे होतं. मी काही बोललो नाही. टाकी गेली, जुनी शाळा गेली. बागेभोवती एकच फेरी झाली. मग एका ओळखीच्या रस्त्याला लागून आई म्हणाली, "थांब."

गाडी छापखान्याच्या फाटकासमोर थांबली. टपरी पलीकडे होती. टॉवेलदादा उतरला नाही.

"इथे का थांबता हो तुम्ही?" मी विचारलं. "चहासाठी?"

"मी चहा घेत नाही साहेब. आजी थांबवतात. जातानाच्या खेपेला, दर वेळी." त्याने काचेतून वर बोट दाखवलं. दुसऱ्या मजल्यावर माझी खिडकी होती आणि खिडकीत माझी रिकामी खुर्ची स्पष्ट दिसत होती. "तुम्ही तिथे मान खाली घालून बसलेले असता. दोन मिनिटं बघतात, मग म्हणतात, सरळ."

मी त्या खिडकीकडे बघत राहिलो. त्या वेळी माझी मान खणात असायची. खणातल्या फोनमधल्या ठिपक्यावर माझे डोळे खिळलेले असायचे आणि तो ठिपका फाटकासमोर का थांबलाय म्हणून मला घाम फुटलेला असायचा. मान वर करून रस्त्याकडे बघायचं एकदाही सुचलं नाही.

"आई," मी म्हटलं, "हात तरी करायचास. गाडीचा हॉर्न वाजवायला सांगायचंस."

आईने तोंड उघडलं. मी वाट बघितली. टपरीवरची माणसं आली, गेली. मला उत्तर ठाऊक नव्हतं, म्हणून भरून टाकता येत नव्हतं. मी टॉवेलची कडा मुठीत धरून बसलो होतो.

"काम..." ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "करत... होतास."

सव्वीस वर्षं मी लोकांच्या चुका दुरुस्त करत आलो आहे. ही मी तशीच राहू दिली.